जुन्या ॲल्युमिनियम बोटीवर डेक टाकताय? या चुका टाळा

मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना गळ टाकायची गोडी लागली की पहिली खरेदी बहुधा ठरलेली: कुणाच्या तरी अंगणात पालथी पडलेली, रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) मारलेली १४ फुटी ॲल्युमिनियमची बोट. मग व्हिडिओ बघून मधला बाक कापायचा, प्लायवूडचं डेक, म्हणजे उभं राहायला सपाट फळी, टाकायचं, वर कार्पेट चिकटवायचं. दिसायला झकास. घोटाळा होतो तो डेकखाली.

मधला बाक उडवणे

हा बाक नुसता बसायला नसतो. दोन्ही बाजूंचे पत्रे तो जागेवर धरून ठेवतो. तो गेला की लाटेवर बाजू लवतात आणि रिव्हेट सैल व्हायला लागतात. शिवाय बोटीत पाणी भरलं तरी ती तळाशी जाऊ नये म्हणून त्याच्या पोटात फोम भरलेला असतो. एक घनफूट पाणी ६२.४ पौंडांचं, घनफुटाला २ पौंड वजनाचा फोम तेवढ्या जागेत साधारण ६० पौंड तोलून धरतो. म्हणजे बाक काढायचाच असेल तर आडवा आधार द्या आणि फोम मोजून परत बसवा. तोही सगळा तळाशी नको, कडांच्या बाजूने आणि वर. तळाशीच कोंबला तर पाणी भरलेली बोट उलटू पाहते, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

जुन्या फोमचा तुकडा काढून पिळून बघा. पाणी गळलं तर तो बदला. पॅकिंगचं थर्माकोल चालत नाही, पेट्रोल लागलं की विरघळतं.

प्लेट न वाचणे

अमेरिकेत २० फुटांखालच्या मोटरबोटींवर माणसं आणि वजनाच्या मर्यादेची प्लेट असते. बाहेरून लावायच्या मोटरसाठी अश्वशक्तीही लिहिलेली असते. तुमचं डेक, जादा बॅटरी, पेट्या यांचं वजन त्याच आकड्यातून वजा होतं. अर्धा इंची प्लायवूडचा ४ बाय ८ चा एक तक्ताच ४० पौंडांच्या आसपास भरतो. त्यात डेक उंच केलं आणि त्यावर उभं राहून गळ टाकला, तर बोट डोलणारच. डेक जितकं खाली ठेवता येईल तितकं बरं.

चुकीचं लाकूड

हार्डवेअरच्या दुकानातलं हिरवट, कीड न लागणारं लाकूड बोटीत अजिबात नको. त्यात तांब्याची संयुगं असतात. ओल आली की तांबं ॲल्युमिनियमला खातं. आधी पांढरी भुकटी दिसते, खरवडली की खाली खड्डे, पुढे टाचणीएवढी भोकं. ओलं कार्पेट वर असेल तर हे लवकर होतं आणि दिसतही नाही. साधं बाहेरच्या वापराचं प्लायवूड घ्या, कडांसकट इपॉक्सी (पाणी रोखणारा लेप) पाजा. ॲल्युमिनियमचा पत्रा परवडला तर सगळ्यांत उत्तम. स्टीलचे स्क्रू मारताना मध्ये नायलॉनचा वॉशर द्या. तांबं असलेला बुडाचा रंगही याच कारणासाठी वर्ज्य. आणि तळाशी पडलेलं एक सेंटचं नाणं उचला. वर तांब्याचा मुलामा असतो.

गळती डेकनंतर शोधणे

हे काम आधी. बोट ट्रेलरवर असतानाच आत तीन-चार इंच पाणी भरा आणि बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने खूण करा. काठोकाठ भरू नका, वजनाने बूड वाकेल. सैल रिव्हेट दोघांनी मिळून ठोकायचा: एकाने आतून जड लोखंड धरायचं, दुसऱ्याने बाहेरून हातोडी. साधं सिलिकॉन फासून भागत नाही, त्यावर पुढे रंगही धरत नाही.

वायरिंग

गाडीसारखी निगेटिव्ह वायर बॉडीला जोडू नका. पत्र्यातून करंट फिरला की बूड झपाट्याने झिजतं. प्रत्येक उपकरणाला दोन वायरी, त्याही कल्हई केलेल्या, आणि फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत. पेट्रोलची टाकी डेकखाली बंदिस्त करायचा विचार असेल तर तो सोडाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशीच साचते, आणि बिल्ज पंपाचा (तळाचं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) स्विचही तिथेच असतो. एक ठिणगी पुरे.