जनुक नाही, की आपल्याला सापडलं नाही?

पिकांवरच्या बुरशींच्या जीनोमचा, म्हणजे त्यांच्या संपूर्ण डीएनएचा, अभ्यास सुरू करताना माझी समजूत अशी होती की डीएनए काढायचा, सिक्वेन्सिंगला म्हणजे त्यातल्या अक्षरांचा क्रम वाचायला पाठवायचा, की पुढचं सगळं काम संगणकावरचं. ती समजूत पहिल्याच वर्षी मोडली.

माझी बुरशी भातावरच्या करप्याची, मॅग्नापोर्थे ओरायझी. हिचा बीजाणू ओल्या पानावर पडला की काही तासांत रुजतो आणि टोकाशी घुमटासारखा अवयव तयार होतो, त्याला ॲप्रेसोरियम म्हणतात. त्याच्या आत वातावरणाच्या सुमारे 80 पट दाब साठतो आणि त्या जोरावर बुरशी पानाची त्वचा भेदते. हे सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, संगणकापुढे बसण्याआधी. आरएनएचे (कोणती जनुकं चालू आहेत हे दाखवणारा रेणू) नमुने कोणत्या तासाला घ्यायचे हे त्यावरूनच ठरतं. लागणीच्या सुरुवातीच्या नमुन्यांत बहुतेक रीड्स (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले तुकडे) भाताचेच निघतात, बुरशीचे अगदी थोडे. हे आधी माहीत नसेल तर सिक्वेन्सिंगचा खर्च वाया जातो.

आत शिरलेली बुरशी इफेक्टर नावाची छोटी प्रथिनं सोडून झाडाची प्रतिकारशक्ती दाबते. पण वाणात त्यातल्या एखाद्या इफेक्टरला ओळखणारं जनुक असेल, तर लागण तिथेच थांबते. वनस्पतिरोगतज्ज्ञ हॅरल्ड फ्लोर यांनी 1940च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना झाडाच्या आणि बुरशीच्या जनुकांच्या या जोड्या ओळखल्या होत्या. अशा वाणावर पुन्हा जगायचं तर बुरशीला तो इफेक्टर बदलावा लागतो किंवा टाकून द्यावा लागतो. प्रतिकारक्षम वाणावरही वाढणाऱ्या स्ट्रेन्सनी (बुरशीच्या उपप्रकारांनी) काय टाकलं, हे शोधणं माझं काम होतं.

एका स्ट्रेनच्या असेंब्लीत, म्हणजे रीड्स जोडून उभ्या केलेल्या जीनोममध्ये, एव्हीआर-पिटा हे इफेक्टरचं जनुक दिसेना. पिटा जनुक असलेल्या भाताला जे ओळखता येतं, तेच हे. मी तक्त्यात ‘नाही’ असं लिहून मोकळा झालो. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणं) केलास का? केला, आणि जेलवर बँड, म्हणजे त्या तुकड्याचा पट्टा, आला. मात्र अपेक्षेपेक्षा बराच लांब.

हे जनुक गुणसूत्राच्या टोकाजवळ, पुनरावृत्त डीएनएच्या गर्दीत असतं. माझे रीड्स आखूड होते. एकसारखे तुकडे कुठले कुठे जोडायचे हे असेंब्लीच्या प्रोग्रामला ठरवता येत नाही, म्हणून तो तिथे साखळी तोडतो. पंचाईत अशी की रोगाच्या दृष्टीने महत्त्वाची जनुकं अनेकदा याच भागांत असतात. गव्हावरच्या झायमोसेप्टोरिया ट्रिटिसी या बुरशीच्या 21 गुणसूत्रांपैकी 8 अशी आहेत की ती नसतानाही बुरशी जगते. टोमॅटोवर मर आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचं एक गुणसूत्र निरुपद्रवी स्ट्रेनमध्ये गेलं आणि तीही रोग करू लागली, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं. जीनोमचे असे कोपरे सुटले तर अभ्यासाचा गाभाच सुटतो.

म्हणून शक्य असेल तर लांब रीड्स घ्या. त्यासाठी डीएनएही लांब आणि अखंड लागतो. बुरशीच्या धाग्यांतली शर्करा चिकटपणे त्याच्याबरोबर येते, आणि घाईने पिपेट मारली की त्याचे तुकडे होतात. हे हात बसायला मला बरेच महिने लागले. संगणकाची कमांड लाइन आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यामानाने लवकर येते. इफेक्टर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी म्हणजे फक्त उमेदवारांची यादी. जनुक काढून टाकून लागण कमी होते का, हे झाडावर बघावंच लागतं. तांबेऱ्याची बुरशी निवडणार असाल तर आणखी धीर ठेवा, कारण तिला जिवंत झाड लागतं आणि तिच्या पेशीत दोन वेगळी केंद्रकं असतात.

तो लांब बँड आम्ही सिक्वेन्स केला. जनुक जागच्या जागी होतं, पण त्याच्या मधोमध एक ट्रान्सपोझॉन, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणारा डीएनएचा तुकडा, येऊन बसला होता. त्यानेच जनुक बंद पाडलं होतं आणि जीनोमभर पसरलेल्या त्याच्या असंख्य प्रतींमुळे माझी असेंब्लीही तिथेच तुटली होती. तक्त्यातला ‘नाही’ खोडून मी तिथे ‘आहे, तुटलेलं’ असं लिहिलं, आणि बाकीच्या प्रत्येक ‘नाही’साठी पीसीआरला लागणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) मागवले.