रानात झाडं ओळखायला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः दोन पावसाळे केली. एक पान तोडायचं, मोबाईलवर फोटो मारायचा आणि ॲप सांगेल ते नाव. वाळपईकडच्या रानात एका झाडाला छातीठोक मट्टी म्हणून मोकळा झालो (मट्टी म्हणजे आपल्या गोव्याचा राज्यवृक्ष, महाराष्ट्रात ऐन म्हणतात), तर सोबतचे आजोबा हसत म्हणाले, "अरे पुता, वयर पळय!" (वर बघ!) वर तांबूस फळांचे झुबकेच्या झुबके, म्हणजे ती किंदळ! पानावर दोन्ही फसवतात, म्हणून आधी खोडाला हात लावा, मट्टीची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते, आणि मग खाली पडलेलं फळ शोधा, पाच सारखे पंख असले तर मट्टी, एक मोठा नि दोन बारके असले तर किंदळ.

दुसरी चूक, हिरवं दिसलं की जंगल समजणं. रस्त्याकडेचा अकेशिया ऑस्ट्रेलियाकडचा, गुलमोहर मादागास्करचा, काजू तर पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला (फेणीमुळे त्याला माफ!).

घराकडे गावठी झाड हवं तर भिरंड (म्हणजे कोकम) लावा, पण बी टाकून मोकळे होऊ नका. "सात-आठ वर्षं झाली, फुलतं पण फळ नाही" ही तक्रार कायम ऐकतो, कारण भिरंडीत नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियाचं रोप नर निघालं की सोलं (वाळवलेली आमसुलं) विसरा. मादी झाडाचं कलम घ्या. नर आधीच वाढलाय तर तोडू नका, आजूबाजूच्या माद्यांना त्याचाच पराग लागतो.

पातेरा (झाडाखालची सुकी पानं) जाळणं ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. इथे वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तो उघड्या जांभ्यावरून धावत नदीत जातो, पातेऱ्याखाली मात्र मुरतो आणि मग झर उन्हाळ्यात पण टिकते. वाड्यावर झर आटली की सगळे पंपाचं बोलतात, वरच्या डोंगरावर काय पेटवलं ते कोणी बघत नाही.

खोडाभोवती काँक्रीट नको. झाड तोडायचं असेल तर गोव्याच्या 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, स्वतःच्या जागेत असलं तरी.

रानात दिसेल ते फळ तोंडात टाकू नका. काजऱ्याचं फळ पिकल्यावर लहान संत्र्यासारखं गोंडस दिसतं, बिया जहरी.

आणि सत्तरीत बांबरच्या निरंकाराच्या राईत (देवराईत) गेलात तर चिखलातून वर आलेल्या गुडघ्यासारख्या मुळांवर उभं राहून फोटो काढू नका, रानटी जायफळाची ती झाडं तिथूनच श्वास घेतात.