दारूबंदीच्या शहरातून पबमधल्या मैफलीला जाताना

बडोद्याच्या मराठी माणसाला गाण्याची बैठक समजावून सांगावी लागत नाही, पब मात्र समजावून सांगावा लागतो. 1960 साली गुजरात राज्य झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे, त्यामुळे दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या माणसाच्या मनात पब म्हणजे चित्रपटात दिसणारा अंधारा, कर्कश गुत्ता असतो. आयर्लंडचे पारंपरिक संगीत ऐकायला जायचे असेल, तर ही समजूत घरीच ठेवून निघावे लागते, कारण तेथील पुष्कळसे उत्तम वादन सभागृहात होत नाही, ते गावातल्या पबच्या कोपऱ्यात होते. न पिणाऱ्यानेही तेथे अवघडून न जाता कसे बसावे, यासाठी हे लेखन आहे.

पहिल्या खेपेला मी विली क्लॅन्सी समर स्कूल सुचवीन. क्लेअर परगण्यातील मिलटाउन मॅलबे या लहानशा गावात जुलैच्या पहिल्या शनिवारी ते सुरू होते आणि आठवडाभर चालते. विली क्लॅन्सी हे याच गावचे इलन पाइप्सचे, म्हणजे भात्याने हवा भरून वाजवायच्या आयरिश बॅगपाइपचे, वादक होते. 1973 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने हा उपक्रम सुरू झाला. सकाळी फिडल (म्हणजे व्हायोलिन), बासरी, कॉन्सर्टिना (दोन्ही हातांत धरून वाजवायची छोटी पेटी), टिन व्हिसल (उभी धरून फुंकायची पत्र्याची छोटी बासरी) अशा वाद्यांचे वर्ग भरतात, पुढे व्याख्याने आणि वादनाचे कार्यक्रम होतात, संध्याकाळी नृत्य असते आणि रात्री सगळे गाव पबमध्ये लोटते. ज्यांना केवळ ऐकायचे आहे त्यांनीही सकाळचा एखादा वर्ग घ्यावा असे माझे मत आहे, कारण सकाळी ज्यांच्याजवळ बसून चार स्वर काढले, ती माणसे रात्री पबमध्ये ओळख देतात आणि सरकून जागाही देतात.

व्हिसाच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार आढळतो. आयर्लंड युरोपीय संघात असले तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, म्हणून शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. ब्रिटनचा व्हिसादेखील, दोन्ही देशांच्या संयुक्त योजनेची खास नोंद असल्याखेरीज, उपयोगी पडत नाही. अल्पकालीन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून ऑनलाइन भरता येतो, म्हणून एप्रिल लागताच तो भरून टाकावा. सहा महिन्यांचे बँकेचे तपशील, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि प्रवासाचे कारण सांगणारे साधे, खरे पत्र जोडावे. विमानाची तिकिटे मात्र व्हिसा हाती आल्यावरच काढावीत. राहण्याची जागा त्याहून आधी पाहावी लागते, कारण त्या आठवड्यात मिलटाउनमध्ये खोली मिळणे दुर्मीळ असते. जवळचे स्पॅनिश पॉइंट किंवा थोडे दूरचे लहिंच पाहावे. मात्र रात्री उशिरा बस मिळत नाही, हे लक्षात घेऊन परतीच्या वाहनाची व्यवस्था दिवसाच करून ठेवावी.

सामानात खाकरे आणि चिवडा जरूर असावा, परंतु पेढे, तूप, श्रीखंड यांपैकी काहीही नको, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. जुलै असला तरी रेनकोट आणि स्वेटर लागतो. विजेच्या उपकरणांसाठी चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर येथूनच घ्यावा. सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होत असल्याने जेवणाची वेळ हमखास चुकते, आणि गावातली स्वयंपाकघरे बहुधा नवाच्या आसपास बंद होतात, म्हणून उजेडावर विसंबू नये, घड्याळ पाहून जेवावे. शाकाहारी व्यक्तीने भाज्यांचे सूप मागवतानाही ते कशाच्या पाण्यात केले आहे हे विचारून घ्यावे. असे विचारण्याचे तेथे कोणाला वाईट वाटत नाही.

आता पब. आत शिरल्यावर टेबलाशी बसून वेटरची वाट पाहणारा माणूस तासभर तसाच बसून राहण्याची शक्यता असते, कारण पेय काउंटरवर जाऊन मागवायचे, तेथेच पैसे द्यायचे आणि पेला स्वतः उचलून आणायचा, अशी रीत आहे. काउंटरवर रांग दिसत नाही, परंतु कोण आधी आले हे आतल्या माणसाच्या आणि भोवतालच्या सगळ्यांच्या ध्यानात असते. हात हलवून किंवा नोट दाखवून आपला क्रमांक पुढे सरकत नाही, नुसती नजरानजर पुरते. बारवर टिप देण्याची अपेक्षा नसते. न पिणाऱ्याने चहाची किटली, काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या ब्लॅककरंट फळाचे सरबत किंवा अल्कोहोलविरहित स्टाउट (काळसर, दाट बिअर) मागावे; हल्ली हे सर्व सहज मिळते. केवळ ‘एक ग्लास’ मागू नये, कारण तेथे ग्लास म्हणजे अर्धा पाइंट बिअर.

खरी अडचण ‘राउंड’ची. सोबत बसलेल्यांपैकी एकाने सगळ्यांसाठी पेये आणली की पुढची खेप दुसऱ्याने आणायची, हा अलिखित व्यवहार आहे, आणि ज्याने दुसऱ्याचे पेय स्वीकारले तो या व्यवहारात शिरला असे धरले जाते. म्हणून बसतानाच हसून सांगावे की मी पीत नाही, पण एक राउंड माझ्याकडून. पिणाऱ्या मंडळींना यात कमीपणा वाटत नाही. कमीपणा वाटतो तो चार जणांची सरबते पिऊन आपली पाळी येताच गायब होणाऱ्याबद्दल. मुले बरोबर असतील, तर उन्हाळ्याच्या महिन्यांत अठरा वर्षांखालील मुलांना कायद्याने रात्री दहानंतर पबमध्ये थांबता येत नाही, तेव्हा त्यांना घेऊन दुपारच्या बैठकीला जावे.

हा पब जसाच्या तसा राहिलेला नाही, आणि ही गोष्ट पाहुण्याने समजून घ्यावी, म्हणजे कोणत्या दारातून आत जायचे हे कळते. जुन्या काळी खेडेगावातला पब अनेकदा किराणा दुकानही असे. पुढे साखर, चहा, खिळे विकायचे आणि मागे स्टाउट. अशी फडताळे काही पबमध्ये अजून शिल्लक आहेत. 29 मार्च 2004 रोजी आयर्लंडने कामाच्या सर्व ठिकाणी धूम्रपानबंदी केली. देशभर अशी बंदी करणारा तो जगातला पहिला देश. त्यामुळे पबमधला धूर गेला आणि बासरीवाल्यांच्या छातीला बरे दिवस आले. 2011 मध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातील मद्याची मर्यादा 100 मिलिलिटरमागे 80 मिलिग्रॅमवरून 50 वर आणली गेली. रस्त्यावरच्या जिवांसाठी ते योग्यच झाले, परंतु दूरच्या वाडीवरून एकट्याने गाडी घेऊन येणारा म्हातारा शेतकरी त्यानंतर घरीच बसू लागला. भर म्हणून दुकानांत स्वस्त बिअर मिळू लागली आणि कित्येक मालकांच्या मुलांना हा व्यवसाय नको झाला. कित्येक पब बंद पडले, आणि जे टिकले त्यांपैकी पुष्कळांनी जेवण, कॉफी आणि पर्यटकांसाठी मायक्रोफोनवरचा कार्यक्रम यांचा आधार घेतला.

म्हणून आत शिरण्यापूर्वी दारातून क्षणभर कान द्यावा. ध्वनिवर्धक लावलेला असेल आणि वादक श्रोत्यांकडे तोंड करून बसले असतील, तर तो कार्यक्रम आहे. त्यातही गोडी असते, पण आपण त्यासाठी इतक्या दूर आलो नाही. वादक एकमेकांकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ करून बसले असतील, तर ते ‘सेशन’, म्हणजे वादकांची आपसातली अनौपचारिक बैठक. फलकावर नऊची वेळ असली तर साडेनऊ धरावे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कोपऱ्यातली किंवा खिडकीखालची बाके वादकांची असतात, ती रिकामी दिसली तरी बसू नये. बाहेरच्या कड्यात उभे राहावे आणि दर तासाला काहीतरी विकत घ्यावे. एका चहावर चार तास जागा अडवणाऱ्या रसिकाला मी रसिक म्हणणार नाही. त्या संगीताचे छप्पर काउंटरवरच्या विक्रीवर उभे आहे.

ऐकायचे कसे, याला आपल्याकडे पूर्वतयारी आहे. एक ट्यून बहुधा दोन भागांची असते, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि दोनदा वाजवलेला. ती दोन-तीनदा वाजवून न थांबता दुसऱ्या ट्यूनमध्ये उडी घेतात. ही उडी ज्या क्षणी पडते तेथे जाणकार श्रोते हलकेच हुंकार देतात. जिग हा नाचाच्या ट्यूनचा प्रकार सहाच्या हिशेबात चालतो, त्यामुळे नवरात्रात गरब्याचा सहा मात्रांचा हींच ताल ऐकून मोठ्या झालेल्या बडोदेकराच्या पायाला तो पहिल्याच रात्री ओळखू येतो. इलन पाइप्सचा भाता कोपराने दाबतात, हे पाहून पेटीच्या भात्याची आठवण होईल. या वादनाची युनेस्कोच्या वारसा यादीत 2017 मध्ये नोंद झाली आणि गुजरातच्या गरब्याची 2023 मध्ये.

टाळ्यांचा ठेका मात्र धरू नये, कारण आपली टाळी वादकाच्या लयीला खेचते. तबला किंवा डफ घेऊन परस्पर सामील होणे तर टाळावेच; तेथे बोव्हरॉन नावाचा डफासारखा ढोल असतो आणि एका वेळी एकच वाजावा असा संकेत आहे. कोणी साथीशिवाय गाणे सुरू केले की बोलणे, पेले हलवणे, मोबाइल उचलणे सगळे थांबवावे. ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारावे. आपल्याला गायचा आग्रह झाला, आणि तो होतो, तर ‘मला येत नाही’ म्हणून अंग चोरू नये. एखादी ओवी किंवा पाळण्याचे दोन कडवे ठरवून जावे. त्यांना भाषा कळत नाही, पण गाणाऱ्याने आपल्या घरचे गायले आहे हे कळते.

परतताना विमानतळावरच्या दुकानातली बाटली भेट म्हणून उचलू नये. परवान्याशिवाय ती गुजरातेत बाळगणे गुन्हा आहे. त्यापेक्षा डी स्वराची टिन व्हिसल घ्यावी, ती स्वस्त असते आणि हातसामानात मावते. बासरी शिकलेल्यांनी इतकेच ध्यानात ठेवावे की बासरीवर वरची तीन छिद्रे झाकून षड्ज निघतो, व्हिसलवर तो सहाही छिद्रे झाकल्यावर निघतो, त्यामुळे पहिले आठ दिवस बोटे चुकीच्या जागी उठत राहतात.