नवीन विंडोज ११ वर ऑफिसचा फाइल सर्व्हर उघडत नव्हता, तो प्रश्न असा सुटला (माझा अनुभव)

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-चादरीचं ऑफिस, ९ कॉम्प्युटर, जॅकार्डच्या (नक्षीदार विणकामाच्या) डिझाइन आणि बिलं सगळं एका दोन हार्डडिस्कवाल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांच्या फाइल ठेवायची पेटी, हाच आमचा फाइल सर्व्हर). जुनी मशीन नीट चालायची पण नवीन विंडोज ११ प्रो (२४एच२ ही आवृत्ती) वाल्यावर शेअर फोल्डर उघडला की ‘सिक्युरिटी पॉलिसीज ब्लॉक अनऑथेंटिकेटेड गेस्ट अ‍ॅक्सेस’ असा एरर, म्हणजे गेस्टला (बिनपासवर्ड येणाऱ्याला) प्रवेश नाही. पिंग (नॅस नेटवर्कवर उत्तर देतो का, ही चाचणी) मात्र व्यवस्थित.

केबल बदलली, फायरवॉल बंद करून बघितली, ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) गेस्ट लॉगऑन चालू केलं, तरी नाही. दोन दिवस डिझाइन पेनड्राइव्हवर नेताना डोकं फिरलं अक्षरशः.

कारण असं की २४एच२ प्रोमध्ये एसएमबी (नेटवर्कवरून फाइल शेअर करायची पद्धत) सायनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर खरेपणाची डिजिटल सही, सक्तीचं झालंय आणि बिनपासवर्डच्या गेस्टला सायनिंग करताच येत नाही, म्हणून नुसती गेस्टची सेटिंग बदलून भागत नाही. सायनिंग बंद करायचा सल्ला बरेच जण देतात, पण ऑफिसचा हिशोब उघडा ठेवणं मला पटत नाही.

आधी नॅसमध्ये प्रत्येकाचा युजर-पासवर्ड केला, फोल्डरला त्यांनाच रीड-राइट दिलं, मग गेस्ट बंद. नॅसमध्ये एसएमबीची आवृत्ती मिनिमम २, मॅक्सिमम ३ ठेवली. नंतर पीसीवर क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) नॅसची जुनी नोंद काढली, जुना मॅप ड्राइव्ह (पीसीवर ड्राइव्हसारखा जोडलेला नॅसचा फोल्डर) डिसकनेक्ट केला, रीस्टार्ट. मग विंडोज क्रेडेन्शियलमध्ये नॅसचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), युजर, पासवर्ड टाकून त्याच आयपीने ड्राइव्ह मॅप केला (नोंद आयपीने आणि मॅप नावाने केला तर परत पासवर्ड विचारतो). लगेच उघडलं. जुन्या मशीनवर पण हेच करावं लागतं, गेस्ट बंद झाल्यामुळे.