एमबीबीएस करायचंय? कागदपत्रांचं काम दहावीच्या सुट्टीतच काढा

मेडिकलचा प्रवेश नीट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या निकालानंतर सुरू होतो, असं बहुतेक घरांत धरून चालतात. पण त्यातल्या दोन गोष्टी दहावीनंतरच्या सुट्टीतच ठरून गेलेल्या असतात: अकरावी-बारावी कुठून करायची आणि जात पडताळणीचा अर्ज कधी टाकायचा. चांगले मार्क पडूनही सरकारी सीट हातची जाते, त्यात या दोन गोष्टींचा वाटा मोठा असतो.

आधी अकरावीचं. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून सीईटी सेल (राज्याचा प्रवेश कक्ष) भरते, उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी. सोलापूरचं डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजही त्यातच आलं. राज्य कोट्यासाठी नुसता अधिवासाचा दाखला पुरत नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. बोर्ड कुठलंही चालतं, सीबीएसईसुद्धा; शाळा मात्र राज्याच्या हद्दीत हवी.

सोलापूर जिल्ह्याला ही अट फार लागते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याच्या सीमेवरच्या गावांतली मुलं कर्नाटकात इंडी, विजयपूर, आळंद, अफजलपूरकडे शिकायला जातात, कारण ते जवळ पडतं. सोलापूर शहराच्या पूर्व भागातली काही तेलुगू भाषक घरं मुलांना हैदराबादला नातेवाइकांकडे ठेवून तिथलं इंटरमीडिएट (अकरावी-बारावी) करून घेतात. राजस्थानातल्या कोटाला क्लास लावताना बारावीचं नावही तिथल्याच शाळेत घातलं जातं. या तिन्ही वाटांनी गेलेला मुलगा अस्सल सोलापूरचा असला तरी ८५ टक्क्यांतून बाहेर पडतो. केंद्र-राज्य सरकारी आणि सैन्यातल्या नोकरदारांच्या मुलांना, तसंच सीमाभागातल्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या मराठी भाषकांना काही सवलती आहेत, पण त्यांच्या अटी काटेकोर असतात. सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतला तो भाग स्वतः वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

क्लाससाठी लातूरला जाण्यात काही अडचण नाही. ७०:३० चं प्रादेशिक सूत्र (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) होतं तेव्हा बारावी मराठवाड्यातून की उर्वरित महाराष्ट्रातून, याला महत्त्व होतं. २०२० साली ते सूत्र रद्द झालं, तरी लोक अजून विचारतात. कोटा किंवा हैदराबादचा क्लास हवाच असेल तर बारावी इथून पूर्ण करून रिपीटच्या वर्षी जावं, राज्य कोट्यातल्या हक्काला धक्का लागत नाही. इथल्या कॉलेजात नावापुरतं ऍडमिशन ठेवून दोन वर्षं बाहेर राहणं मात्र जोखमीचं. हजेरीचा प्रश्न निघाला की बारावीची परीक्षाच अडते.

आता जात पडताळणी. राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्याला जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र दोन्ही लागतात. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, त्याला ४५ दिवसांची मुदत आहे. वैधता जिल्हा जात पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातीची समिती वेगळी. समितीला तीन महिने दिलेले असले तरी त्रुटी निघाली की हे गणित कोलमडतं. म्हणून अकरावीच्या पहिल्या सत्रातच अर्ज टाकावा. बारावीच्या मे महिन्यात अर्ज करून नुसत्या पावतीवर प्रवेश मिळेल, ही आशा धरू नका. शासन कधी मुदत देतं, कधी देत नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची. सोबत कॉलेजचं शिफारसपत्र (नमुना १५ अ), वंशावळीचं शपथपत्र (नमुना ३), दुसरं शपथपत्र (नमुना १७), मुलाचा, वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा पुरावा. खरी मेहनत शेवटच्या पुराव्याची. मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीची जातीची आणि महाराष्ट्रातल्या वास्तव्याची नोंद वडिलांच्या बाजूनं दाखवावी लागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आईकडची कागदं सहसा उपयोगी पडत नाहीत. सख्खे काका, आत्या किंवा चुलत भाऊ यांच्यापैकी कुणाला आधी वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत सगळ्यात वर लावा, निम्मं काम तिथंच होतं.

तेलुगू भाषक घरांत प्रश्न येतो तो वास्तव्याचा. आजोबा तेलंगणातून १९६७ नंतर आले असतील तर इथल्या आरक्षणाचा दावा टिकणं अवघड. आधी आले असतील तर ते सिद्ध करावं लागतं. त्यासाठी मिलमधल्या नोकरीची, प्रॉव्हिडंट फंडाची जुनी कागदं, महापालिकेच्या तेलुगू शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, घराची कर आकारणी हे सगळं शोधा. नावं जुळत नाहीत ही दुसरी अडचण. शाळेत ‘नरसय्या’, मिलच्या कार्डावर ‘नरसिंगराव’, रेशनकार्डावर तिसरंच. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र करा आणि त्याला जोड देणारा एखादा कागद लावा, नुसतं शपथपत्र कमकुवत पडतं.

जुन्या रजिस्टरात जात कशी लिहिली आहे ते उतारा हातात घेऊन अक्षर न् अक्षर वाचा. दाखला ‘लिंगायत वाणी’ या ओबीसी नावाचा आणि आजोबांच्या नोंदीत नुसतं ‘लिंगायत’ असेल तर समिती विचारणारच. पंढरपूर भागात दावा ‘महादेव कोळी’ या जमातीचा आणि नोंद फक्त ‘कोळी’ अशी असली की तेच. अशा वेळी एका नोंदीवर थांबू नये. आजोबांच्या भावांचे उतारे, गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काढाव्यात. नोंद मोडीत किंवा कन्नडमध्ये असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर किंवा भाषांतर करून मूळ प्रतीसोबत जोडा. खाडाखोड असलेला उतारा देऊ नका. प्रकरण चौकशीसाठी समितीच्या दक्षता पथकाकडे गेलं की महिने जातात.

नॉन क्रिमिलेअरचं (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याचं) काम त्यामानानं सोपं, पण चूक तिथंच जास्त होते. राज्याच्या प्रवेशासाठी ते प्रवेशवर्षाच्या अखेरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. दहावीनंतर काढलेल्या दाखल्याची तारीख म्हणूनच तपासा. अखिल भारतीय कोट्यासाठी मात्र केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, तो वेगळा. सेतूत जाऊन ‘नॉन क्रिमिलेअर द्या’ एवढंच म्हणालात तर राज्याचाच हातात पडेल. धनगर समाजाचा विद्यार्थी राज्यात एनटी-सी (भटक्या जमाती-क), केंद्रात ओबीसी. त्याला दोन्ही कागद लागतात. मराठा विद्यार्थी राज्यात एसईबीसीतून (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) अर्ज करतो. केंद्राच्या यादीत तो प्रवर्ग नाही, त्यामुळे तिकडे निकष बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला. केंद्राचे ओबीसी आणि ईडब्ल्यूएस दाखले १ एप्रिलनंतर नव्यानं काढायचे. हे काम आधी करून ठेवता येत नाही.

नीटचा अर्ज भरताना नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा, आधारवरही तेच करून घ्या. ‘स्वामी’चं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर वाय लावून आणि दुसऱ्यावर आय लावून असेल, तर ते अर्ज सुरू होण्याच्या दोन महिने आधी दुरुस्त झालेलं असावं. प्रवर्ग निवडताना केंद्राच्या यादीतला निवडायचा, राज्याचा नंतर सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये येतो. वयाची अट आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण.

मूळ कागदांची एकच फाईल करा आणि स्कॅनही आत्ताच करून ठेवा. मोबाइलनं काढलेला तिरका, सावली पडलेला फोटो चालत नाही. अर्ज परत आला की मुदतीतला एक दिवस गेला. रिपीटरला गॅपचं शपथपत्र लागतं. फिटनेस सर्टिफिकेट माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच घ्यावं, डॉक्टरांच्या लेटरहेडवर नको.

पसंतीक्रम भरताना ‘मिळणार नाही’ म्हणून वरची कॉलेजं गाळू नका. वर लिहिल्यानं खालची संधी कमी होत नाही. पण जिथं खरोखर जायचं नाही ते कॉलेज यादीत नकोच. अभिमत विद्यापीठांसाठी एमसीसीकडे दोन लाखांची अनामत भरावी लागते, तो पर्याय निवडण्याआधी घरात फीचा हिशेब करा. सीट मिळाल्यावर कॉलेजात रिटेन्शन फॉर्म (मिळालेली सीट कायम ठेवण्याचा) पुढे येतो. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. वरचं कॉलेज हवं असेल तर गर्दीत, घाईत त्यावर सही करू नका. पालकांपैकी एकानं तो पूर्ण वाचून मगच द्यावा. सरकारी कॉलेजात पदवीनंतर एक वर्ष शासकीय सेवेचा बाँड असतो, तोही त्याच टेबलावर असतो.