लेकरासाठी कपड्याचे डायपर घेताय? आधी घरच्या पाण्याचा हिशोब करा

माझी लेक एप्रिलमध्ये झाली, लातूरला माहेरी. त्यावेळी आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, बाकी सगळं बोअरवर. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं ते आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही, त्यामुळं बादलीभर पाणी सांडलं तरी आईच्या जिवाला लागतं. म्हणून डायपर घेताना मी जे आधी बघायला पाहिजे होतं ते तुम्हाला आधीच सांगते, डायपर किती शोषतो हे नंतर बघा, तो किती पाण्यात निघतो आणि किती वेळात वाळतो हे पहिलं बघा.

मी बाळंतपणाच्या आधी ऑनलाइन सहा पॉकेट डायपर, म्हणजे आत पॅड घालायला खिसा असलेले कापडी डायपर, मागवले होते, वर छान प्रिंट, आत जाड पॅड, 3 किलोपासून 17 किलोपर्यंत चालतो असं लिहिलेलं. लेक 2 किलो 700 ग्रॅमची झाली. सगळी बटणं आत घेतली तरी मांडीपाशी बोटभर फट राहायची आणि सू तिथूनच बाहेर. आईनं ते पॅड हातात धरून दाबून बघितलं आणि म्हणली, "अगं, हे वाळायचं कवा?" खरंच होतं ते, धुवायलाही एकेकाला तांब्यावर तांबे लागायचे, साबणाचा फेस निघता निघायचा नाही.

म्हणून पहिले दीड-दोन महिने साधे लंगोटच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. एकपदरी कापड, घडी घालून वापरायचं, धुताना उलगडलं की मळ लगेच निघतो आणि मे महिन्याच्या उन्हात तासाभरात वाळतं. नवजात लेकराला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात, तर रोज धुणार असाल तर 24 ते 30 पाहिजेत, पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर आणखी दहा जास्त धरा.

कापड कुठलं, तर मलमल किंवा मऊ होजिअरी. लातूरच्या गंजगोलाई बाजारात मीटरवर मलमल मिळतं, पण मला विचाराल तर घरातली जुनी सुती साडी किंवा आजोबांचं धोतर त्याच्याहून भारी, शंभरदा धुवून ते इतकं मऊ झालेलं असतं की नवं कापड त्याची बरोबरी करत नाही. सहावारी साडीचे काठ काढून साधारण 22 इंचाचे चौकोन कापले तर विरलेला भाग सोडून पंधरा-सोळा लंगोट आरामात निघतात. फक्त साडी खरंच सुती आहे का बघा. एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळायचा, कागद जळल्यासारखा वास आला आणि राख चुरली तर सुती, वितळून टोकाला कडक गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे, ती साडी लेकराला नको.

दुकानातलं नवं कापड आणलं तर ते तसंच बांधू नका, त्याला खळ असते. तीन-चार वेळा धुवून घ्या. आणि कापड धुवून वाळलं की त्यावर चमचाभर पाणी टाकून बघा, थेंब वर तरंगत राहिला तर अजून धुवायला पाहिजे, लगेच जिरला तर तयार.

बांधायचं कसं हे पण महत्त्वाचं आहे. नाळ पडायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर लंगोटाची पुढची कड बेंबीच्या खाली दुमडायची, ओलं तिथं लागायला नको. कमरेला दोन बोटं सहज जातील एवढं सैल. आणि पाय सरळ करून घट्ट गुंडाळायची आपल्याकडं जी सवय आहे ना, ती कृपा करून सोडा, लेकराचे पाय बेडकासारखे बाहेर दुमडलेले राहू द्या, पाय ताणून बांधल्यानं खुब्याच्या सांध्याला त्रास होऊ शकतो.

पहिले दोन-तीन दिवस शी काळी चिकट डांबरासारखी असते, त्याला सगळ्यात जुनी धुडकी वापरा, ढुंगणाला आधी खोबरेल तेल लावलं की पुसायला सोपं जातं. साध्या लंगोटाचा अजून एक मोठा फायदा म्हणजे सू मोजता येते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसात सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय असं समजायला हरकत नाही, कमी होत असतील तर डॉक्टरांना दाखवा, वाट बघू नका.

आता पाणी. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षारांचं. त्यात वडीचा साबण फुटत नाही, त्याचा पांढरा साका कापडात बसतो आणि लंगोट वाळला की पापडासारखा कडक होतो, तोच लेकराच्या मांडीला घासतो. म्हणून वडीऐवजी थोडीच डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड वापरा, आणि शेवटची खळबळ नळाच्या नाहीतर पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यात काढा. आरओचं वाया जाणारं पाणी बऱ्याच घरी बादलीत साठवतात, ते लंगोटाला अजिबात नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. वाळत घालायच्या आधी दोन्ही हातांनी जोरात झटका आणि वाळल्यावर चोळून घडी घाला. सुगंधी कंडिशनर पण नको, त्याचा थर बसून कापड शोषेनासं होतं. पुरळ आलं तर थोडा वेळ लेकराला उघडंच ठेवा, पावडर लावू नका, दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही किंवा फोड दिसले तर दवाखाना.

रात्री आणि पाहुणे आले की लंगोटावरून वॉटरप्रूफ कव्हर घालायचं, नवजात मापाची तीन-चार पुरतात, ती सावलीत वाळवा, कडक उन्हात आतला थर आणि इलॅस्टिक खराब होतं. एसटीनं लांब जायचं असेल तर मी सरळ विकतचा डिस्पोजेबल लावते, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

लेकरू पाच किलोच्या आसपास गेलं, मांड्या भरल्या, की मग पॉकेट डायपरचा विचार करा. त्यातलं पॅड पूर्ण बाहेर निघतं का, सुटं होऊन उलगडतं का हे बघा, आत शिवलेलं असेल तर आपल्या पाण्यात ते नीट निघत नाही. मायक्रोफायबरचं, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याचं पॅड असेल तर ते थेट कातडीला लागू देऊ नका, कापडाच्या आतच राहिलं पाहिजे. सहाचा सेट स्वस्त पडतो म्हणून एकदम मागवू नका. एकच घ्या, घरच्या पाण्यात पाच-सहा वेळा धुवा, कडक झाला का, किती वेळात वाळला, मांडीपाशी फट पडते का सगळं बघा आणि मगच बाकीचे मागवा.