जुन्या सचित्र प्रवासमार्गदर्शिकांतून घरबसल्या प्रवास कसा करावा

वैशाखात वावराची वखरणी सकाळीच उरकावी लागते आणि दहानंतर घराबाहेर पडण्याची सोय राहत नाही. विदर्भातल्या खेड्यात अशा दुपारी सत्कारणी लावायच्या असतील, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सचित्र प्रवासमार्गदर्शिका हाताशी ठेवाव्यात. मात्र ही पुस्तके कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचू नयेत आणि चित्रे चाळून बाजूलाही ठेवू नयेत. त्यांतून खरोखर प्रवास घडायचा असेल, तर एकच ठिकाण आणि एकच दिवस निवडून, पुस्तकाने आखलेल्या वाटेने, त्याच्याच चालीने जावे लागते.

लंडनच्या जॉन मरे यांनी १८३६ पासून काढलेल्या मार्गदर्शिका आणि जर्मनीतील बेडेकर यांची लाल बांधणीची पुस्तके यांच्या अनेक जुन्या आवृत्त्या इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य मिळतात. गावात रेंज धड नसेल, तर तालुक्याला गेल्यावर फाइल उतरवून घ्यावी. उतरवण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी: कित्येक प्रतींचे स्कॅनिंग करताना घडीचे नकाशे उलगडलेलेच नसतात, आणि नकाशाविना असे पुस्तक म्हणजे बैलाविना बंडी. नकाशा नीट आलेली प्रत सापडेपर्यंत दुसऱ्या आवृत्त्या धुंडाळाव्यात व तेवढे पान झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणावे.

सुरुवातीला बेडेकरची स्वित्झर्लंडची मार्गदर्शिका इंग्रजीतून घ्यावी, आणि तीत रिगी पर्वताचे प्रकरण काढावे. या पुस्तकांत सुटी चित्रे फारशी नसतात; त्यांचे वैभव नकाशांत आणि लांबलचक घडीच्या दृश्यपटांत असते. प्रथम नकाशावर लुसर्न सरोवर शोधून, बोटीने फिट्सनाऊच्या धक्क्याला लागावे. तेथून १८७१ साली सुरू झालेली दातेरी रुळांची रेल्वे, युरोपातली या प्रकारची पहिली, वर चढते. तिचा मार्ग पेन्सिलीने गिरवावा, म्हणजे चढ किती खडा आहे ते बोटांना कळते. शिखराची उंची सुमारे १,८०० मीटर आहे; आपले चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर असल्याने तिथल्या घाटाची आठवण असणाऱ्याला हा फरक सहज जोखता येतो. मुक्काम वरच्या हॉटेलात करावा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी आल्प्सचे लांब लाकडी शिंग फुंकून पाहुण्यांना उठवले जाते, हा तपशीलही पुस्तकातच आहे. त्यानंतर दृश्यपट उलगडावा: बारीक रेषांनी काढलेली शिखरांची रांग आणि प्रत्येकावर मुंगीएवढ्या अक्षरांत त्याचे नाव. भिंग घेऊन पिलाटसपासून टिटलिसपर्यंत सावकाश सरकत जावे. घाई केल्यास हा कागद नुसता करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

कोरीव चित्रांची हौस असेल, तर एडिंबरोच्या ब्लॅक यांच्या स्कॉटलंडविषयक मार्गदर्शिका पाहाव्यात. अशा चित्रांत कडे अंमळ उंच आणि पायथ्याची माणसे अंमळ लहान काढण्याची त्या काळी रीतच होती, म्हणून चित्रावरचा विश्वास नकाशा पाहून मगच ठेवावा.

हात बसला, की मरे यांची हिंदुस्थानविषयक मार्गदर्शिका उघडून आपल्याच मुलखात यावे. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली, त्यामुळे नंतरच्या आवृत्त्यांतला प्रवासी भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशा ओळखीच्या ठेसनांवरून जातो. हे पुस्तक साहेबासाठी लिहिलेले आहे, हे वाचताना सतत जाणवते: डाकबंगला कुठे आहे, नोकर कसा ठेवावा, याची काळजी त्याला अधिक, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरात काय चालले आहे, याची फारशी नाही. मला तरी हा भाग सर्वांत रंजक वाटतो. लेखकाने काय टिपले याइतकेच काय गाळले याची वहीत नोंद करावी, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना त्या ठेसनाविषयी विचारून वहीचे उरलेले पान भरावे.

मूळ छापील प्रत एखाद्या रद्दीच्या दुकानात गवसलीच, तर तिचा नकाशा पूर्वीच्या घड्यांवरूनच मिटावा आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी कदापि लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत कागद पिवळा व ठिसूळ करतो. पावसाळ्यापूर्वी पुस्तक सावलीत वारा देऊन, कोरड्या सुती कापडात गुंडाळून, जमिनीला लागून असलेल्या फळीवर न ठेवता वरच्या फळीवर ठेवावे.